दारातला मिल्फर्ड

८ फेब्रुवारी १९८८, सोमवार

त्या सकाळी मी साडेपाचला उठलो होतो. तारीख १४ जानेवारी १९७७, शुक्रवार. एक स्तोत्र वाचलं, ओटची लापशी खाल्ली आणि बायको, लव्हॉन, झोपली होती म्हणून वाडगा आवाज न करता धुऊन ठेवला. बाहेर पारा शून्याखाली बावीस होता. रात्री नदीवरून चढलेलं धुकं आमच्या सगळ्या हालव्हर गावावर गोठलं होतं. तारांवर, कुंपणांवर, झाडांच्या काटक्यांवर बोटभर लांब पांढरे काटे आले होते. असं हिव आमच्याकडे दहा वर्षांत एखाद्या वेळी पडतं. मी मोठा लाकडी कॅमेरा ढकलगाडीवर बांधला आणि रुळांपलीकडे धान्याच्या कोठारासमोर नेऊन उभा केला.

कोठाराच्या मोठ्या दारात तिथला कामगार मिल्फर्ड ओपडाल उभा होता. आतला अंधार काळाकुट्ट आणि त्यापुढे त्याचा फिकट कॅनव्हासचा कोट.

"ये आत. कॉफी आहे," तो म्हणाला.

"नको, नको. उगाच कशाला."

"अरे, भरपूर आहे. लेस्टरची गाडी गारठलीय, साडेआठशिवाय येत नाही तो. मी एकटाच बसलोय."

"नको रे, असू दे. सूर्य वर येतोय."

आमच्याकडे दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा विचारलं की हो म्हणायचं. पहिल्यालाच हो म्हणणारा हावरट, तिसऱ्यालाही नाही म्हणणारा गर्विष्ठ. मला कॉफी हवी होती. मी तिसऱ्यांदाची वाट बघत होतो. तो तिसऱ्यांदा काही म्हणाला नाही. निदान मला ऐकू आलं नाही. टोपीचे कान मी हनुवटीखाली घट्ट बांधले होते. मग मी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली शिरलो.

फिल्म ठेवायच्या होल्डरला दोन बाजू असतात, दोन फिल्मा. पहिली घेतली, होल्डर उलटा केला, हातातल्या घड्याळाकडे बघत, सेकंद मोजत दुसरी घेतली. सव्वाआठला घरी निघालो. नऊच्या सुमारास अग्निशमनाचा भोंगा वाजला. वाटलं, कुणाच्या धुराड्याला आग लागली असेल. पहिली फिल्म धुतली, वाळवली. ती इतकी उत्तम आली होती की दुसरी धुवायची गरजच नव्हती. एकच गोष्ट खटकत होती. दारात जवाच्या दाण्याएवढा मिल्फर्ड दिसत होता आणि सगळी शांतता त्याच्यामुळे मोडत होती. साडेअकराला मी बारीक सुरी घेतली आणि त्याला निगेटिव्हवरून खरवडून काढलं. छापलेल्या चित्रात दार पूर्ण काळं आलं.

एकला जिल्हा कचेरीत देखभालीच्या पाळीवर गेलो तेव्हा कळलं. कणगीत मका वरून कडक झाला होता. जोडीदार लेस्टरची वाट न बघता मिल्फर्ड तो फोडायला उतरला आणि मक्याखाली गाडला गेला. दहाला त्याला बाहेर काढलं तेव्हा तो गेलेला होता.

त्या चित्राला राज्याच्या जत्रेत पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळाली. दहा वर्षं ते कचेरीच्या खालच्या दालनात टांगलेलं आहे. खाली 'कोठार, जानेवारी १९७७' एवढंच लिहिलंय. तारीख मी लिहिली नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण असं: शताब्दी समितीच्या मिसेस क्वाम सकाळी आल्या होत्या. कचेरीच्या इमारतीला यंदा शंभर वर्षं होतात. मार्चमध्ये कोठार पाडणार आहेत, म्हणून माझं चित्र आठ फूट उंच करून समोरच्या भिंतीवर लावायचं ठरलंय. संग्रहालयाचे गृहस्थ चार एप्रिलला मूळ निगेटिव्ह न्यायला येतील.

"आणि पडदा आर्डिस ओपडालच्या हातून दूर करायचा. किती छान, नाही?"

"छान," मी म्हणालो. आर्डिस मिल्फर्डची बायको. मग वर जाऊन मनोऱ्यातल्या घड्याळाला किल्ली दिली. किल्लीचा वार सोमवार.

११ फेब्रुवारी, गुरुवार

आर्डिस आज आली होती. ती दर गुरुवारी कचेरीत येते. कधी गाडीच्या पाटीचं काम, कधी मतदार यादी, कधी कुत्र्याचा परवाना. कुत्रा तिच्याकडे नाही, बहिणीसाठी असेल. एकट्या बाईला कामं फार निघतात बिचारीला.

आम्ही एकाच शाळेतले, गावाबाहेरच्या सहा नंबरच्या. एक खोली, एक शेगडी, आठ इयत्ता. ती चार वर्षांनी मोठी. माझे पाढे तीच म्हणून घ्यायची आणि चुकलो की सुरुवातीपासून.

दालन गरम ठेवणाऱ्या रेडिएटरपाशी मी गुडघ्यावर बसलो होतो.

"ठोकतोय तुझा रेडिएटर," ती म्हणाली.

"हवा अडकलीय. काढतो."

ती नेहमीप्रमाणे चित्रासमोर उभी राहिली. हातात पर्स, पाय जुळवलेले.

"दार फार काळं आलंय, नाही?"

"सावलीत आहे ते."

"हं." मग चित्राकडे बघतच तिने विचारलं, "त्या सकाळी तू कुठे होतास रे, ऑर्लिन?"

"कुठल्या?"

"मिल्फर्डच्या."

"तेव्हा माझी दुपारची पाळी असायची," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

"हो. दफनाच्या दिवशीही हेच म्हणाला होतास. चर्चच्या तळघरात, कॉफीच्या टेबलाशी."

मी पाना फिरवत राहिलो. "बरं, निघते आता," असं म्हणून ती पंधरा मिनिटं दारात उभी होती: बर्फ, पायऱ्यांवरचं मीठ, तिच्या गाडीची बॅटरी, लव्हॉनचा खोकला. मग गेली.

१७ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

पास्टरांनी कपाळावर राख लावली. मातीतून आलास, मातीत जाशील. मग सगळ्यांनी मिळून पापांची कबुली म्हटली. दीडशे माणसं एका आवाजात म्हणतात तेव्हा ती फार सोपी असते. कुठलं पाप कुणाचं ते कळत नाही.

नंतर तळघरात सूप. लव्हॉन आमच्या टेबलावर सगळ्यांना सांगत होती, "महाशयांचं चित्र आठ फुटांचं होणार म्हणून आतापासूनच खाली बघून बोलायचं विसरलेत." सगळे हसले. मीही हसलो.

वाटाण्याचं सूप आर्डिस वाढत होती.

"आणखी?"

"नको."

"घे की, उरलंय."

"नको, पुरे."

तिने पळी भांड्यात ठेवली आणि पुढच्या टेबलाकडे गेली. मी रिकाम्या वाडग्याकडे बघत बसलो. मला हवं होतं.

२१ फेब्रुवारी, रविवार

प्रार्थनेनंतर पामर जर्डींना भेटायला वृद्धाश्रमात गेलो. सत्तेचाळीस वर्षं मुख्य रस्त्यावर त्यांचा स्टुडिओ होता. हालव्हरमधल्या प्रत्येक घरात भिंतीवर त्यांच्या हातचं एक तरी लग्न असतं. कॅमेरा मला त्यांनीच दिला, कामही त्यांनीच शिकवलं. आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. डोळ्यांच्या मधोमध डाग पडलाय. कडेकडेने दिसतं, समोरचं नाही.

मी निगेटिव्ह नेलं होतं. त्यांना दिसणार नाही म्हणूनच नेलं असेन.

त्यांनी ते मांडीवर घेतलं, ओठांनी चाचपून फिल्मची लेपाची बाजू ओळखली आणि नखाने हळूच फिरत गेले. दारापाशी नख थांबलं.

"कुठल्या गाढवाने खरवडलंय हे?"

"मी."

"वाटलंच. हात बरा आहे, डोकं नाही. कोण होतं?"

"मिल्फर्ड ओपडाल."

शेजारच्या खोलीत रेडिओवर हवामान चालू होतं.

"मी बायकांचे मस खरवडले," ते म्हणाले, "नवऱ्यांच्या दुहेरी हनुवट्या खरवडल्या. एका बँकवाल्याचं अख्खं पोट काढलं. अख्खा माणूस कधी काढला नाही रे."

"तेव्हा मला कळलं नव्हतं. भोंगा वाजला होता, पण..."

"आणि कळल्यावर काय केलंस?"

मी निगेटिव्ह त्यांच्या मांडीवरून उचलून पाकिटात ठेवलं.

"दुसरी बाजू?" त्यांनी विचारलं.

"आहे. होल्डरमध्येच, काळ्या कागदात. धुतली नाही."

"अकरा वर्षं?"

"हो."

"पहिली बाजू घाईची, दुसरी खात्रीची, हे तुला मी कशाला सांगितलं होतं? धू ती."

"बिघडली असेल तर? एकदाच धुता येते. मग काहीच उरणार नाही."

"आता काय उरलंय?" ते म्हणाले. मग थोडं मऊ होऊन, "फिल्मवर धुकं चढलं असेल. नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेव औषधात."

"तुम्ही बघाल?"

"मला समोरचा चमचा दिसत नाही, ऑर्लिन. ज्याला दिसतं त्याच्याकडे ने."

परत येताना नदीवरच्या लोखंडी पुलावर गाडी थांबवली आणि प्रार्थना करायचा प्रयत्न केला. शब्द येईनात. शेवटी पाढे म्हटले, तेराचे. तेर सत्ते एक्क्याण्णव या ठिकाणी मी लहानपणी अडायचो तिथेच अडलो.

१० मार्च, गुरुवार

सलग चौथा गुरुवार आर्डिस आलेली नाही. कामं संपली असतील तिची.

दर गुरुवारी दहा वाजता मी खालच्या दालनात काहीतरी दुरुस्त करायला घेतो. आज धड असलेल्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं.

लव्हॉनला ती दुकानात भेटली होती. "माझी चौकशी केली का?" मी विचारलं.

"तुझी कशाला करेल? तू काय आजारी आहेस?" मग माझ्याकडे नीट बघून, "आहेस का?"

"नाही."

"मग अंडी खा."

होल्डर डार्करूमच्या फळीवर आहे, स्तोत्रांच्या पुस्तकाएवढं जाड काळं पुडकं. आज दोनदा हातात घेतलं. दोनदा परत ठेवलं.

१९ मार्च, शनिवार

कोठार पाडताहेत. चार दिवसांत होईल म्हणाले होते, आज सहावा दिवस. १९०९ मध्ये बांधणाऱ्यांनी फळीवर फळी आडवी ठेवून प्रत्येक हातभर अंतरावर खिळा मारत भिंती सत्तर फूट वर नेल्या होत्या. आधीचं कोठार जळालं म्हणून त्यांनी या भिंतींवर बाहेरून पत्रा ठोकला. यंत्राच्या बादलीने एक घास घेतला की फळ्या तुटत नाहीत, पानांसारख्या उलगडतात. आणि आतून जुन्या मक्याचा गोडसर वास येतो.

अर्धं गाव जमलं होतं. घडीच्या खुर्च्या, घोंगड्या, लिंबाच्या वड्यांचे डबे. कुणीतरी कॉफीचा मोठा पिंपच आणला होता. प्रत्येकाला एकेक आठवण होती आणि ती कुणाला सांगायची हे शोधत लोक फिरत होते.

आर्डिस माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मोठं दार अजून शाबूत होतं. वरचं सगळं गेलं होतं, त्यामुळे दारातून पलीकडचं आकाश दिसत होतं.

"त्या चौकटीचा एक खांब हवा होता मला," ती म्हणाली. "डावीकडचा. तो टेकून उभा राहायचा तिथे. खांदा लागून लागून लाकूड गुळगुळीत झालंय."

"मुकादमाला विचारू का?"

"नको, नको. उगाच कशाला त्यांना त्रास."

"त्रास कसला, विचारतो की."

"नको रे, असू दे."

मग आम्ही उभे राहिलो. दोनेक मिनिटांनी बादली फिरली आणि दार खाली बसलं. धूळ उडाली. ती "बरं" म्हणाली, नुसतं "बरं", आणि रूळ ओलांडून गेली. पंधरा मिनिटं बोलत उभी राहिली नाही.

घरी येऊन बूट काढताना माझा हात नाडीवर थांबला. मी तिसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

तसाच बूट बांधून परत गेलो. मुकादम म्हणाला, "दाराचं लाकूड? ते मघाशीच ढिगावर टाकलं, पेटवलंय." नदीकाठी ढीग जळत होता. इतक्या जवळ जाता येत नव्हतं की काय कुठलं ते ओळखू यावं. तरी मी अंधार पडेपर्यंत उभा होतो. उभं राहण्याने कुणाचं काय होतं, मला माहीत नाही.

२४ मार्च, गुरुवार

मिसेस क्वाम: "निगेटिव्ह तयार ठेवलंय ना? ते गृहस्थ म्हणाले, त्यांच्या यंत्रात धुळीचा कणसुद्धा दिसतो."

"हो."

ती खरवड त्यांना पहिल्या मिनिटात दिसेल. ते मिसेस क्वामना सांगतील, मिसेस क्वाम चर्चच्या तळघरात सगळ्यांना. पडदा आर्डिसने ओढायचा आहे. आठ फूट उंचीत तो दरवाजा खऱ्या दाराएवढा होईल. माणूस आत जाऊ शकेल एवढा. आणि आत कुणी नाही.

आज स्तोत्र वाचलं नाही. पुस्तक उघडून ठेवलं होतं.

२८ मार्च, सोमवार

घड्याळाला किल्ली देताना बोटं गारठली. वरून आता सगळं वेगळं दिसतं. दारूभट्टीची दगडी भिंत, पूल, स्टेशन, आणि कोठार होतं तिथे मातीचा चौकोन. कबुतरं अजून त्या चौकोनावरच घिरट्या घालताहेत.

मला आज मोजावंसं वाटलं. दफनाच्या दिवशी एकदा. अकरा फेब्रुवारीला एकदा. म्हणजे आर्डिसने मला दोनदा विचारलंय.

ती आता विचारणार नाही.

३० मार्च, बुधवार

कचेरीच्या तळघरात जुन्या दस्तांची खोली आहे. लोखंडी दार, खिडकी नाही. जेवणाच्या सुट्टीत तिथे सगळी भांडी मांडली. दार आतून लावलं. वर भर दुपार होती, माझ्या डोक्यावर माणसं गाड्यांचे कागद भरत होती.

अंधारात होल्डर उघडला. फिल्म थोडी चिकटली होती, मी हळूहळू सोडवली. मग औषधात सोडली. पामरांनी सांगितल्याप्रमाणे जास्त वेळ. मोजायला काही हवं होतं, म्हणून प्रभूची प्रार्थना म्हणत राहिलो. एक म्हणायला वीस सेकंद लागतात. अठ्ठेचाळीस वेळा म्हटली. इतक्या वेळा सलग मी ती आयुष्यात म्हटली नसेल, आणि त्यातल्या एकाही वेळी तिच्यावर लक्ष नव्हतं.

दिवा लावला. फिल्म करडी आलीये. कडांनी धुकं खूप, आकाश जवळजवळ गेलंय. हिवाचे काटे वितळल्यासारखे दिसतात. निळी फीत याला कुणी देणार नाही.

दार मात्र आहे. आणि दारात तो आहे.

वाळल्यावर प्रिंट काढली, भिंगाने बघितली. पहिल्या चित्रात तो सरळ उभा होता, मला आठवतं, मीच तर त्याला काढला. इथे तो डाव्या खांबापासून एक पाऊल पुढे आलाय. उजवा हात डोक्याच्या वर आहे, किंचित हलल्यासारखा. टोपी सावरत असावा, वारा होता. डाव्या हातात काहीतरी चमकतंय. फावड्याचं पातं असेल.

मी त्या वेळी घड्याळाकडे बघत होतो.

१ एप्रिल, शुभ शुक्रवार

दुपारच्या प्रार्थनेत वेदीवरचं सगळं काढून नेतात: मेणबत्त्या, वस्त्रं, पुस्तक. शेवटी उघडं लाकूड राहतं. तिथून सरळ आर्डिसकडे गेलो. लव्हॉनला गाडीत बसवून सगळं सांगितलं होतं, चर्चच्या आवारातच. ती समोरच्या काचेतून बघत राहिली. शेवटी म्हणाली, "मी चालत जाते. तू जा तिच्याकडे. आणि ऑर्लिन, तिथे हवामानावर बोलू नकोस."

आर्डिसने दार उघडलं. एप्रन होता, हाताला पीठ.

"तू मला दोनदा विचारलंस," मी दारातच म्हणालो. "मी तिथे होतो."

तिने हात पुसले. एकेक बोट पुसलं. "आत ये. थंडी येतेय."

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी सगळं सांगितलं. कॉफी विचारल्याचं, दोनदा नाही म्हटल्याचं, सुरीचं. सुरीचं सांगताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"किती वाजता?"

"साडेअकरा."

"साडेअकराला मी तिथे रुळांवर उभी होते. त्याला नेलं होतं, तरी मला हलता येईना." थोड्या वेळाने म्हणाली, "तसं हिव त्या हिवाळ्यात एकदाच पडलं होतं. चित्र लागलं त्याच दिवशी मला कळलं, कुठली सकाळ ती. दहा वर्षं त्या काळ्या दारात बघतेय मी, ऑर्लिन. वाटायचं, नीट बघितलं तर आत कुठेतरी असेल. नंतर वाटायला लागलं, मलाच वेड लागलंय."

मी प्रिंट पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. तिने भिंग घेतलं.

भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. ती चित्रावर वाकून होती आणि मला फक्त तिच्या केसांचा भांग दिसत होता.

"वारा होता," मी म्हणालो. "टोपी सावरत असावा."

"मिल्फर्डच्या टोपीला कान होते. हनुवटीखाली मीच बांधायचे सकाळी." तिचं बोट चित्रावर न टेकता फिरलं. "असा हात तो मला परसातून करायचा. जेवायला ये, ये लवकर, असा. आणि हे थर्मासचं झाकण आहे. त्यात कॉफी ओतून धरलीय."

मला ते तेव्हा कळलं.

"विचारलं होतं त्याने तुला तिसऱ्यांदा," आर्डिस म्हणाली.

"हो."

"तू बघत नव्हतास."

"नाही."

"मग त्याला वाटलं असेल, ऑर्लिनला खरंच नकोय." ती खुर्चीवर मागे टेकली. "कंपनीवाले म्हणाले, बेपर्वा होता. दोर न बांधता उतरला. मी भांडले नाही. बेपर्वा नव्हता तो. एकटं बसवत नव्हतं त्याला, कधीच. हाताला काही हवं असायचं, नाहीतर कुणी बोलायला."

ती उठली. शेगडीवरची किटली हलवून बघितली.

"कॉफी घेशील?"

"हो," मी म्हणालो.

पहिल्यालाच. तिने मागे वळून बघितलं. मग एकच कप काढला, माझ्यासमोर ठेवला आणि भरला. स्वतःला घेतली नाही. मी सगळी प्यायलो. ती समोर उभी राहून बघत होती, शाळेत पाढे म्हणून घेताना उभी राहायची तशी. कप रिकामा झाला तेव्हा तिने तो उचलला.

"प्रिंट राहू दे इथे. तू आता जा."

"तो दाराचा खांब, आर्डिस, मी नंतर विचारायला गेलो होतो. त्यांनी..."

"जळला. माहीत आहे. जा आता."

दारात ती थांबली नाही. रस्ता, बर्फ, बॅटरी, काही नाही. मी पायऱ्या उतरायच्या आत कडी लागली.

४ एप्रिल, ईस्टर सोमवार

घड्याळाला किल्ली दिली.

संग्रहालयाचे गृहस्थ दहाला आले. मी त्यांना दोन्ही निगेटिव्ह दिली आणि कुठलं कसं झालं ते सांगितलं. मिसेस क्वाम शेजारी होत्या. त्यांना सगळं दोनदा सांगावं लागलं.

"पण पहिलं किती स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "हे तर धुरकट दिसतं. आठ फुटांवर काय दिसेल?"

"तो दिसेल."

"समितीला विचारावं लागेल मला. आणि आर्डिसला आता कुठल्या तोंडाने सांगायचं?"

"तिला माहीत आहे."

मोठ्या भिंतीचं काय करायचं ते समिती बघेल. ते माझ्या हातात नाही. आर्डिस पडदा ओढायला येईल की नाही हेही माहीत नाही. काल ईस्टरच्या प्रार्थनेला ती पुढच्या बाकावर होती आणि मागे वळली नाही. खालच्या दालनातला खिळा मात्र मीच ठोकला होता, दहा वर्षांपूर्वी.

जेवणाच्या सुट्टीत शिडी आणली. निळ्या फितीसह जुनं चित्र उतरवलं. त्याच चौकटीत करडी प्रिंट बसवली आणि त्याच खिळ्याला टांगली. पाणसळ लावून बघितली. मग खालची पाटी काढून नवी लावली. ती मी काल ईस्टरच्या जेवणानंतर शाळेतल्या वळणदार अक्षरात, शाईने, तीनदा लिहून चांगली केली होती:

'कोठार, १४ जानेवारी १९७७, सकाळी आठ. दारात मिल्फर्ड ओपडाल. कॉफीला बोलावत आहेत.'